मदत हवी आहे: आबांची गवळण सापडत नाही, गुणगुणून शोधलं तर सिनेमाची गाणी येतात

नमस्कार मंडळी,

आम्ही परभणी जिल्ह्यातले, मानवतजवळचे. आबा (वडील, वय ७८) चाळीसेक वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटीवर होते. पोळ्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द फुटत नाहीत. पण सूर मात्र जागच्या जागी आहे. रोज दिवेलागणीला एकच चाल गुणगुणतात आणि डाव्या हाताची बोटं बाजेच्या कडेवर पेटीसारखी फिरवतात. मंडळातले जुने टाळकरी म्हणाले, गवळणच आहे, पण कोणती ते त्यांनाही आठवेना. दहा-बारा म्हणून पाहिल्या; प्रत्येक वेळी आबांनी नाही म्हणून मान हलवली.

शझॅम या गाणं ओळखणाऱ्या ॲपला मूळ रेकॉर्ड ऐकवावी लागते, गुणगुणलेलं त्याला चालत नाही. गूगलवर २०२० पासून सोय आहे: माईक दाबून १०-१५ सेकंद गुणगुणायचं. ते शब्द, वाद्यं, आवाजाचा पोत बाजूला काढतं आणि नुसती सुरांची चढउतार आकड्यांत मांडून गाण्यांशी ताडून बघतं. आबांचा दम सात-आठ सेकंदांतच संपतो, म्हणून मी चाल बसवून घेतली नि स्वतः गुणगुणलो. तीन सिनेगीतं आली. आबांना लावून दाखवली तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ते बघून फार वाईट वाटलं.

फोन आधी पुतण्याच्या हातात असायचा, त्यामुळे सुचवलेल्या गाण्यांत सगळी हळदीची डीजे गाणी. मग आबांसाठी वेगळं खातं काढलं आणि पंधरा दिवस त्यावर फक्त अभंग, गवळणी, भारुडं लावली. आता सुचवण्या छान येतात. परवा एक गवळण आपोआप लागली तर बोटं थबकली, आबा ऐकत राहिले. ती हवी ती नव्हती, पण वाट बरोबर वाटते. फक्त गुणगुणून शोधलं की निकाल अजून तेच. आणि सुचवण्या ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं’ अशा हिशोबाने चालतात, तर एखाद्या गावच्या मंडळाचं फारसं कुणी न ऐकलेलं रेकॉर्डिंग वर येणार कसं?

विचारायचं ते हे: गुणगुणलेली चाल आधी आपण ऐकतो त्या प्रकारच्या गाण्यांत, म्हणजे मराठी भजन-गवळणींतच शोधेल असं एखादं ॲप आहे का? साउंडहाउंडलाही गुणगुणलेलं ओळखता येतं म्हणे; मराठी भक्तिगीतांवर कुणी वापरून पाहिलंय का?

गंगाखेड, पाथरी, सेलूकडचं कुणी पेटीवाले असतील तर खूण सांगतो: भजनी ठेका, काळी दोन. धृपद खालच्या सुरात सुरू होतं, दुसऱ्या ओळीला एकदम तार सप्तकात जातं आणि तिथंच रेंगाळतं. आबांच्या आवाजातले तीन-चार तुकडे रेकॉर्ड करून ठेवलेत. कुणी ऐकायला तयार असेल तर लगेच पाठवतो.