केमिकल प्लांटमधल्या ऑपरेटरांनो, पगार किती आणि तो कशावर ठरला? अनुभव लिहा

जगबुडीकाठ
मंडळी, पुतण्या एओसीपी करून बाहेर पडलाय, म्हणजे आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, दोन वर्षांचा कोर्स. अप्रेंटिसशिपही झाली. आता दोन ठिकाणाहून बोलावणं आलंय. एक खेडजवळच्या लोट्याला, ठेकेदारामार्फत, हातात 18,500 म्हणतायत. दुसरं महाड एमआयडीसीत, कंपनी रोलवर, म्हणजे थेट कंपनीचा कामगार, पण हातात 15,200. पोरगा म्हणतो काका सरळ 3,300 चा फरक आहे, यात विचार काय करायचा. मी स्वतः 19 वर्षं रिअॅक्टरवर, म्हणजे केमिकल शिजवायच्या टाकीवर, काढली आणि मला विचार करावासा वाटतो, पण मी बोललो की त्याला लेक्चर वाटतं. म्हणून हा धागा. तुम्ही ऑपरेटर असाल, पूर्वी असाल, घरात कोणी असेल तर लिहा. कंपनीचं नाव नको, गाव आणि काम पुरे.

माझं आधी सांगतो. लागलो तेव्हा हेल्पर, ठेकेदाराकडे, महिन्याला 2,900. ड्रम ढकलायचे, सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून माल निथळायचं मशीन) रिकामा करायचा, आत उरलेला घट्ट माल, म्हणजे केक, खरवडून बॅगेत भरायचा. सहा वर्षांनी कंपनीने घेतलं. आज ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधी, 41,000 आहे. मला रात्री 11 ला रिलीव्ह करायला जो येतो तो ठेकेदाराचा, ग्रॉस 17,000. तीच बॅचशीट, तोच मॅनहोल, तेच सॉल्व्हंट. चार्ज देताना मी त्याला टेंपरेचर सांगतो, पगार सांगत नाही.

धाटावची रात्रपाळी
रोहा, धाटाव. डाय इंटरमीजिएट, म्हणजे रंगाचा कच्चा माल. बीएस्सी केमिस्ट्री पास, तरी ऑपरेटरच, कारण क्यूसी (माल तपासायच्या) लॅबमध्ये जागा नव्हती. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून 15,600, हातात त्याहून कमी. आता माझी गोष्ट ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची आहे. आमच्याकडे रिलीव्हर नाही आला की डबल करायची हे ठरलेलंच, महिन्यात चार पाच तरी होतात, शिमग्याला आणि गणपतीत तर विचारू नका, अर्धा प्लांट गावाला आणि उरलेला अर्धा 16-16 तास उभा. मला वाटायचं डबल शिफ्ट म्हणजे दोन हजेऱ्या, म्हणजे 15,600 भागिले 26, रोज 600, तर डबलचे आणखी 600. चार वर्षं मी तेच घेत होतो. एकदा युनिटमधला एक जुना माणूस चहा पिताना म्हणाला अरे येड्या, कायद्याने दुप्पट असतं, आठवड्याला 48 तासांच्या वर गेलास की. म्हणजे तासाचे 75 नाही, 150. आठ तासांचे 1,200. मी मोबाईलवर हिशोब करत बसलो, चार वर्षं, महिन्याला चार धरले तरी 192 डबल, प्रत्येकी 600 कमी, 1,15,200 रुपये. मुकादमाला विचारलं तर म्हणतो तू विचारणारा पहिलाच. पुढच्या महिन्यापासून मला डबलला कोणी बोलवतच नाही. आता हातात आधीपेक्षा कमी येतात आणि झोप जास्त मिळते, बायको खूश आहे.

उंडी
सगळे आकडे टाकताना ग्रॉस की इनहॅन्ड ते लिहा रे, नायतर ताळमेळ लागत नाही.

टाइम ऑफिसवाला
मी मशीनवर नाही, पगाराच्या पावत्या बनवतो, महाड भागात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. पुतण्याला म्हणावं हातात किती ते नंतर बघ, आधी बेसिक अधिक डीए किती ते बघ. बाकीचा पगार एचआरए, वॉशिंग, कन्व्हेयन्स, अटेंडन्स अलाउन्स असा फोडलेला असतो आणि त्यातला बराचसा भाग पीएफ, ग्रॅच्युइटीत धरत नाहीत. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचं बेसिक डीए गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 13,000 बेसिकवाल्याला 10 वर्षांचे 75,000 मिळतात, 26,000 वाल्याला दीड लाख. दोघांच्या हातात येणारा आकडा सारखा असू शकतो बरं का. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यात भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा असं आहे. आमच्याकडे त्या दिवसापासून एक्सेल शीट उघडी आहे ती अजून बंद झालेली नाही.

ठेकेदाराच्या 18,500 मध्ये बोनस दर महिन्याला वाटून घातलाय का तेही विचारा. खूप ठिकाणी 8.33 टक्के महिन्याच्या महिन्याला देऊन टाकतात, पोराला वाटतं पगार मोठा, आणि दिवाळीला हात रिकामे.

जगबुडीकाठ
बोनसचं डोक्यातच नव्हतं आलं. विचारतो.

सावित्रीपल्याड
मी ऑपरेटर नाही, माझे मिस्टर आहेत, बिरवाडीला राहतो आम्ही. ह्यांचा पगार 20,600 होता तेव्हा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापायचे, 155 रुपये. मला ते 155 दिसायचे आणि राग यायचा, कारण दवाखान्यात गेलो की रांग. मग 1,500 ची वाढ झाली. पेढे वाटले. 21,000 च्या वर गेलं की ईएसआय बंद होतं हे कोणी सांगितलंच नाही, सप्टेंबरपर्यंत चालू होतं मग थांबलं. कंपनीने मेडिक्लेम दिला तो फक्त ह्यांचा आणि माझा. पुढच्या वर्षी डिसेंबरात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड. ईएसआय असतं तर त्यांचंही झालं असतं, त्या आमच्यावरच अवलंबून आहेत. मंगळसूत्र सोडवायचंय अजून. वाढ नको असं कोणी म्हणत नाही, पण 21,000 च्या जरा खाली आणि जरा वर यात किती अंतर आहे ते आमच्या घरात विचारा.

आणि एक, कपडे. वॉशिंग अलाउन्स 150 रुपये मिळतो. पिवळे डाग जात नाहीत, उशीच्या अभ्र्याला पण लागतात. 150 त साबणच येतो फक्त.

वाफेचा माणूस
बॉयलरवर आहे, लोटे. आधी रिअॅक्टर ऑपरेटरच होतो. बाष्पके विभागाची सेकंड क्लासची परीक्षा दिली, पहिल्यांदा तोंडीत उडालो, सेफ्टी व्हॉल्व्हवर विचारलं आणि मी घाबरून गेज ग्लासचं सांगत बसलो. दुसऱ्या वेळी पास. पगार 16,000 चा 24,000 झाला, त्याच कंपनीत. कारण सरळ आहे, सर्टिफिकेटवाला अटेंडंट नसेल तर बॉयलर चालवता येत नाही, आणि स्टीम बंद तर रिअॅक्टरभोवतीचं वाफेचं जॅकेट थंड, डिस्टिलेशन थांबलं, अख्खा प्लांट हात बांधून उभा. रिअॅक्टरवाला आजारी पडला तर दुसऱ्याला उभा करतात, मी आजारी पडलो की मॅनेजर घरी फोन करून तब्येत विचारतो. आता फर्स्ट क्लासचा फॉर्म भरणार. पुतण्याला सांगा, अनुभवाची वर्षं भरत आली की हे कर.

खाडीपलीकडचा
बाणकोट साइड. 11 वर्षं जुबेलला होतो, सौदी. गेलो तेव्हा फील्ड ऑपरेटर, 2,200 रियाल, राहणं खाणं कंपनीचं. परत आलो तेव्हा पॅनल ऑपरेटर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसणारा, 5,500. तिकडे एक बरं, रियाल डॉलरला 3.75 वर बांधलेला आहे, म्हणजे रुपया घसरला की पगार न वाढता घरी जास्त पोचतात. पण एजंटला आधी दिलेले पैसे फिटायला मला 14 महिने लागले, ते धरा. आणि एकाच प्लांटमध्ये एकाच पॅनलवर पासपोर्ट बघून पगार वेगळा, हे मी डोळ्याने बघितलंय. इकडे रोल बघतात, तिकडे पासपोर्ट. अब्बा गेले तेव्हा सुट्टी मिळाली नाही. बास.

उंडी
😔

पॅनलसमोर
तळोजा, डीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्लांट चालवतो. एसी रूममध्ये बसून चार स्क्रीन बघतो म्हणून फील्डवाले आम्हाला जावई म्हणतात. ग्रॉस 34,000, नऊ वर्षं. आमच्याकडे युनियन आहे, तीन वर्षांचा करार होतो. मागच्या करारात 9,000 वाढले पण एकदम नाही, पहिल्या वर्षी निम्मे 4,500, मग 2,250, मग 2,250. त्यातलं बेसिकमध्ये किती टाकायचं यावरच सात महिने बोलणी अडकलेली. बाहेरच्याला वाटतं रकमेवरून भांडतायत. ठेकेदाराच्या पोरांना त्या करारात काहीच नाही, त्यांचे नंतर 20 रुपये हजेरीमागे वाढवले. पेढे मात्र त्यांनाही दिले आम्ही, त्यांनी खाल्ले पण.

तळोज्याचा आकडा बघून कोणी लगेच निघू नका, पनवेलला भाडं 9,000 च्या खाली घर दाखवा मला.

धाटावची रात्रपाळी
जावई म्हणतात ते खरंय 😄 पण ट्रिप लागली, म्हणजे प्लांट अचानक बंद पडला, की पहिला घाम यांनाच फुटतो.

जगबुडीकाठ
सगळ्यांचे आभार, पोराला बसवून सगळं वाचायला लावलं. टाइम ऑफिसवाल्यांनी सांगितलं तसं दोन्हीकडे विचारलं. लोट्याच्या 18,500 मध्ये महिन्याचा बोनस आहे, चार ओटी धरलेत, आणि रजेचे पैसेही त्यातच घातलेत. ते सगळं काढलं तर 14,000 च्या आसपास उतरतो. महाडचं बेसिक 13,400, बोनस दिवाळीला वेगळा, एक वर्ष ट्रेनी मग कन्फर्मेशन, लेटरवर लिहून.

मी म्हटलं आता कळलं ना. तर पोरगा म्हणतो, काका, लोटे घरापासून 20 मिनिटं, आईच्या हातचा डबा. महाडला रूम 3,000, मेस 2,800, आणि कशेडीचा बोगदा झाला तरी रोज येऊन जाऊन थ्री शिफ्ट करायची तर रात्री 11 ला सुटल्यावर कोणती गाडी आहे? ते काढा हिशोबातून. काढलं. 9,400 उरतात.

बिरवाडीत कोणाकडे दोघांत शेअर करायला खोली असेल तर कळवा, सावित्रीपल्याड ताई तुमच्या बाजूला काही आहे का? सोमवारपर्यंत त्याला हो नाही सांगायचंय.

सावित्रीपल्याड
आमच्या मालकांची मागची खोली गणपतीनंतर रिकामी होतेय. 2,400, पाणी धरून. पण न्हाणीघर बाहेर आहे, चालेल का विचारा.