साल अलीकडचं, बाटली थंडाव्यातली

वाइन भेट द्यायची म्हटलं की ‘जितकी जुनी तितकी भारी, म्हणून सगळ्यात जुन्या सालाची बाटली द्या’ असा सल्ला मिळतो; तो नाशिकच्या बहुतेक वाइनला लागू पडत नाही. शेनिन ब्लांसारखी पांढरी वाइन ताजीच प्यायची असते, वर्ष-दोन वर्षांत. शिराझ ही लाल वाइन थोडी जास्त टिकते. लेबलवरचं साल अलीकडचं बघा.

पण आपल्याकडे सालापेक्षा मोठा प्रश्न उन्हाचा, आणि तो कुणी काढतच नाही. वाइन साधारण १२ ते १५ अंशांत नीट राहते. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पार असतो. तापलेल्या दुकानात उभी राहिलेली बाटली कितीही महागाची असो, फळाचा वास जाऊन शिजल्यासारखी लागते. आतला द्रव फुगून बूच वर सरकतं, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो. तशी बाटली घेऊच नका. लातुरात भावाच्या डॉक्टरांना भेट द्यायला घेताना मी शोकेसमधली नाकारून फ्रिजमधलीच मागितली, फिरकीच्या झाकणाची. ते झाकण हलक्या मालाची खूण नाही. डॉक्टर वाइन घेतात हे मात्र आधी त्यांच्या कंपाउंडरकडून काढून घेतलं होतं. नाशिकहून आणणार असाल तर रात्री निघा, डिकीत ठेवू नका.