रात्रीचा कॉल आणि संकष्टीचा चंद्र

ऐरोलीकर:
नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळं तासभर मागे घेतली आणि आमचा न्यूयॉर्कचा रोजचा कॉल रात्री ८ वरून ९ वर आला. तिकडे तो सकाळी साडेदहालाच आहे, त्यांचं काहीच हललं नाही. परवा संकष्टी होती. आईचा दिवसभर उपास. चंद्र उगवला, ती गॅलरीत जाऊन बघूनही आली, पण मी कानाला हेडफोन लावून बसलेलो. "तुझं होऊ दे, मग आरती करू," म्हणाली आणि मोदकांवर ताटली झाकून पाऊण तास बसून राहिली. इंटरनेटने सगळ्या जगाच्या मनगटाला एकच घड्याळ बांधलंय, आणि ते आपलं नाही.

जुना नौपाडा:
हे इंटरनेटच्या माथी मारू नका. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्याच ठाण्यात आली. गावोगावची वेगळी वेळ रेल्वेला परवडणारी नव्हती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि मुंबईने ती पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. डोक्यावरच्या सूर्याची वेळ आपण तेव्हाच गमावली.

वाशीची लेक:
मला तर उलट दिसतं. १९९८ मध्ये स्वॉच कंपनीने दिवसाचे १००० 'बीट' पाडून जगभर एकच इंटरनेट वेळ काढली होती. कुणी वापरली? इथिओपियात आजही दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. आपले सकाळचे ९ म्हणजे त्यांचे ३, आणि हातात स्मार्टफोन आला म्हणून त्यांनी ते सोडलेलं नाही. आपलंच बघा ना, छापील पंचांगात मुंबईचा चंद्रोदय असायचा, आता माझ्या सासूबाई फोनवर नवी मुंबईचा बघतात. यंत्र आत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं, बाहेर दाखवतं ते आपापल्या रिवाजाप्रमाणे.

ऐरोलीकर:
दाखवतं आपल्या रिवाजाप्रमाणे, मान्य. पण कॉल कधी हे कोण ठरवतं? रेल्वे निदान फलाटावर थांबायची, नौपाडावाले. ही इंटरनेटची वेळ घरात देवासमोर येऊन बसली आहे.

जुना नौपाडा:
कॉल अर्धा तास पुढे-मागे करा, असं त्यांना कधी विचारलंत?

ऐरोलीकर:
नाही विचारलं. त्यांना संकष्टी काय कळणार, असं मीच धरून चाललो. पुढच्या संकष्टीची तारीख घालून उद्याच मेल टाकतो.