मुलांच्या खोलीत हीटर: कोणता घेतलात, काय अनुभव आला?

गोदाकाठ:
मुंबईहून नाशिककडे येऊन आमचा हा पहिलाच हिवाळा. निफाडचा पारा पेपरात वाचायचो तेव्हा गंमत वाटायची, आता त्याच भागात राहतोय. लेक अडीच वर्षांची, पांघरूण अंगावर ठेवतच नाही, पहाटे हात लावला की पाय बर्फ. दुकानात गेलो तर ऑइलवाला, ब्लोअर आणि रॉडवाला असे तीन प्रकार दाखवले आणि तिन्ही म्हणे "एकदम सेफ मॅडम". घरात लहान मुलं असणाऱ्यांनी स्वतः काय वापरलं, कशाचा पश्चात्ताप झाला ते लिहा ना. जाहिरातीतलं नको, ते पाठ झालंय.

दिल्लीतली वैदर्भी:
रॉडवाला अजिबात नको. आम्ही पहिल्या वर्षी स्वस्त मिळतो म्हणून तोच घेतला, लालभडक दोन रॉड, पुढे जाळी, समोर बसलं की छान ऊब लागते. एका रात्री मुलाची रजई पलंगावरून घसरली, मी शेजारच्या खोलीत होते, वास आला म्हणून धावले तर रजईवर बशीएवढा तपकिरी गोल आणि आतला कापूस धुमसतोय. तो हीटर त्याच रात्री बाल्कनीत गेला. मग ११ फिनचा, म्हणजे धातूच्या ११ उभ्या पट्ट्यांचा, ऑइलवाला आणला. खोली तापायला वीसपंचवीस मिनिटं घेतो, पण आवाज नाही, उजेड नाही, आणि आतलं तेल जळत वगैरे नाही, सीलबंद असतं, ते फक्त तापतं. फिन मात्र चांगल्याच गरम होतात, रांगतं बाळ असेल तर भोवती कठडा हवाच. आणखी एक, नवीन हीटरला सुरुवातीला वास येतो, तेव्हा पहिला तासभर खिडक्या उघडून, मूल खोलीत नसताना चालवा.

वायरमन काका:
ताई, हीटर नंतर ठरवा, आधी भिंत बघा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि पलंगाजवळचं बारकं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. जाड पिनांचा प्लग त्यात जात नाही म्हणून लोक कन्व्हर्टर नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड आणतात, त्यातच चार्जर, त्यातच मच्छरचं मशीन. गेल्या महिन्यात एका घरी गेलो, बोर्डावर पिवळट डाग पडलेला, प्लग ओढला तर वितळलेलं प्लॅस्टिक पिनेला चिकटून बाहेर आलं. १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला जाड वायर, अर्थिंग आणि एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), एवढं करा आणि मग आयएसआय मार्क बघून कुठलाही चांगला घ्या. कलंडला तर बंद होणारा आणि जास्त तापला तर कटऑफ होणारा, ही दोन बटणं त्यात आहेत का ते दुकानातच आडवा करून बघा, लाजू नका.

गोदाकाठ:
काका, एसीचा पॉइंट आहे की खोलीत, तो चालेल?

वायरमन काका:
अँपिअरला चालेल, पण तो वर छताजवळ. वायर लोंबकळणार आणि पोरगी ओढणार. खाली वेगळा पॉइंट काढून घ्या.

दोन पिल्लांची आई:
आमच्याकडे ऑइलवालाच आहे पण सासूबाईंनी त्याचा वाळत घालायचा दांडा केला 😅 दुपटी, मोजे, एकदा तर यांचा ओला टॉवेल. हीटर सारखा आपोआप बंद पडायचा, मी दुकानदाराशी भांडून आले, मेकॅनिक आला आणि त्याने आधी टॉवेल उचलला. त्यावर कपडे घालायचे नाहीत असं चित्र असतं, ते आता मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. बाकी एक शंका, हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो म्हणतात ते खरं का? वाटीत पाणी ठेवू का?

दिल्लीतली वैदर्भी:
विजेचा हीटर काही जाळत नाही, ऑक्सिजन कशाला खाईल? जळतं ते शेगडीत. इथे दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वाससुद्धा नसतो. गॅस हीटरही मुलांच्या खोलीत नकोच. हवा कोरडी लागते ती तापल्यामुळे, वाटी ठेवा पण हीटरपासून लांब आणि मुलाच्या हाताबाहेर.

लीड्सकर:
आम्ही उलटी चूक केली. बाळ तीन महिन्यांचं, भारतातून आलेली आई आणि मी, दोघींनाही ते गारठेल अशीच धास्ती, खोली २५ वर. नर्सबाई घरी आल्या, त्यांनी मानेमागे हात घातला तर बाळ घामाने ओलं. इथे इंग्लंडमध्ये बाळाच्या खोलीला १६ ते २० डिग्री सांगतात, आणि फार ऊब हा झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा एक धोका मानतात. सैल पांघरूण नाही, बाळाची स्लीपिंग बॅग. हीटरपेक्षा मला भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरचाच जास्त उपयोग झाला. आई अजून म्हणते, "१८ म्हणजे थंडीच गं."

क्वीन्सची मावशी:
न्यू यॉर्कमध्ये हीटर म्हटलं की मला ब्राँक्सची आग आठवते, जानेवारी २०२२, बेडरूममधल्या हीटरपासून लागली, १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. तो हीटर कित्येक दिवस सलग चालू होता म्हणे. तेव्हा आमच्याही फ्लॅटमध्ये रेडिएटर कोमट, मालक फोन घेईना, आम्ही १५०० वॅटचा हीटर रात्रभर चालवत होतो. दुसऱ्या दिवशी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, तक्रार केली. ऑक्टोबर ते मे खोली गरम ठेवणं इथे मालकाचं कामच आहे, रात्री किमान ६२ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७ सेल्सिअस. भाड्याने राहणाऱ्यांनो, हीटर शोधायच्या आधी हे बघा.

चहा_बिस्कीट:
पुण्यात कशाला हीटर? कानटोपी, मोजे, आजीची गोधडी. आमची तीन वाढली.

दोन पिल्लांची आई:
गोधडी अंगावर राहिली तर ना दादा!

गोदाकाठ:
सगळ्यांना धन्यवाद, हा आमचा अपडेट. काल वायरमन येऊन खाली १६ चा पॉइंट काढून गेले. ९ फिनचा ऑइलवाला घेतला, चाकं वेगळी येतात ती ह्यांनी उलटी बसवली, परत काढली. पलंगापासून चार फूट, मध्ये जुन्या प्लेपेनचा कठडा. रात्री आठला चालू केला, नऊला तिला झोपवताना बंद करून प्लगही काढला, तेव्हा थर्मामीटरवर २१. पहाटे पाचला १६ होतं. गोधडी जमिनीवर, एक मोजा पलंगाखाली, आणि बाईसाहेब हातपाय पसरून गाढ झोपलेल्या. पाय गरम होते.