सिम्युलेशनला ‘अनुकरण’ चालेल का?

कोथरूडची_भाषांतरकार: विमानवाहतुकीच्या ओघाचं नियोजन संगणकावर आधी चालवून बघतात, त्यावरच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. ‘सिम्युलेशन’ला मी ‘अनुकरण’ लिहिलं, तपासनिसांनी ‘सदृशीकरण’ केलं. दोन्ही पटेनात. अनुकरण घडलेल्याचं होतं. इथे न घडलेलं घडवून बघायचंय: दिल्लीत धुकं पडलं, धावपट्टी तासभर बंद राहिली, तर किती विमानं कुठे थोपवायची?

नाट्यवेडा: ‘रंगीत तालीम’ म्हणा!

निवृत्त_नियंत्रक: अर्धंच बसतं. खरे नियंत्रक पडद्यासमोर बसतात आणि तासाला तासच लागतो, ती तालीम. दुसऱ्या प्रकारात माणूस नसतोच. संगणक अख्खा दिवस झरझर पळवतो, तोच दिवस पुन्हा पुन्हा, दर वेळी काहीतरी बदलून. आणि विमानवाहतुकीची ‘गुंतागुंत’ म्हणजे नुसती विमानांची संख्या नव्हे, हे नीट येऊ द्या. एका उंचीवर रांगेत चाललेली डझनभर विमानं सोपी. त्याहून कमी असली, पण चढती-उतरती, एकमेकांची वाट कापणारी, तर घाम फुटतो.

दौंडकर: खडकवासल्याच्या कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा हेच असतं. कालव्यात मावेल तेवढंच पाणी, म्हणून पाळ्या लावतात. स्लॉटला, म्हणजे विमानाला उड्डाणासाठी नेमून दिलेल्या वेळेला, ‘पाळी’ म्हणा.

कोथरूडची_भाषांतरकार: पाळीत क्रम आला, घड्याळ नाही आलं. डिसेंबरात लोहगावला दार लावून विमानात बसून होतो. वैमानिक म्हणाला, दिल्लीत धुकं आहे, स्लॉट मिळालेला नाही. शेजारच्या आजी लेकीला म्हणाल्या, “मुहूर्त लागला नाही वाटतं अजून.” तेव्हापासून तोच शब्द डोक्यात आहे.

सदाशिवपेठी: मुहूर्त दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. स्लॉटला ठरल्या वेळेआधी ५ आणि नंतर १०, अशी १५ मिनिटं. शिवाय त्यात शुभाशुभ येतं. नवा शब्द घडवा. ‘महापौर’, ‘दिनांक’ घडवलेलेच ना? आज कुणाला खटकतात?

दौंडकर: घडवा, पण वैमानिक स्लॉटच म्हणणार. लोक ऐकतात तेच बोलतात.

निवृत्त_नियंत्रक: आम्ही जमिनीवर आणि हवेत, दोन्हीकडे ‘होल्ड’च म्हणायचो. मराठीत जमिनीवर ‘थोपवणं’ आणि वर ‘घिरट्या’ असे वेगळे शब्द आहेत. तो फरक सोडू नका. घिरट्यांत इंधन जळतं, म्हणून तर खाली थोपवायचं.

सदाशिवपेठी: घिरट्या घार घालते, सावजावर. विमानाला ‘फेऱ्या’.

दौंडकर: फेऱ्या एसटीच्या. घार वर राहून खाली नजर ठेवते, विमानही धावपट्टीवर नजर ठेवून असतं. घिरट्याच बरोबर.