अंड्यांसाठी कोंबडा लागतोच असं नाही
कोंबडा नसेल तर अंडी मिळणार नाहीत असं तुम्ही म्हणताय, पण तसं नाहीये, त्याच्याशिवायही कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. नुसती अंडी हवी असतील तर लेगहॉर्न जातीची कोंबडी बघा, वर्षाला २५० च्या पुढे देते, पण ती खुडूक क्वचितच होते, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, त्यामुळे पिल्लं काढायची झाली तर २१ दिवस उबवायला दुसरी कोंबडी नाहीतर इनक्युबेटर लागेल. कोंबडा ठेवायचाच तर ८-१० माद्यांमागे एकच. मी चारच कोंबड्यांत ठेवला होता, तो सारखा त्याच त्याच कोंबड्यांवर चढायचा, बिचाऱ्यांच्या पाठीवरची पिसं पार झडली, कातडी दिसायला लागली. पण घार दिसली की तोच आधी ओरडायचा आणि सगळ्या झुडपात पळायच्या! शेजार लागून असेल तर आधी विचारा, कोंबडा दिवसभर आरवतो.