व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) हँग झाली की रिस्टार्ट मारण्याआधी काय बघता? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावापर्यंत लिनक्स होस्टवर (खालचं खरं मशीन) केव्हीएम, म्हणजे त्याच मशीनच्या आत व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) चालवायची लिनक्सची सोय, वापरणारे आता बरेच आहेत. वर विंडोजमध्ये टॅली नाहीतर हजेरी, खाली डेबियन लिनक्स. आणि सगळ्यांचं ठरलेलं: 'अडकली, रिस्टार्ट मारला, चालली.' रिस्टार्टबरोबर पुरावाही जातो, म्हणून त्याआधीचं सांगा. 'प्रॉक्समॉक्स (व्हीएम सांभाळायची तयार सिस्टीम) घ्या' एवढंच सांगायला कुणी येऊ नका, त्याच्याखालीही केव्हीएमच आहे.

शिरोलीकर:
फाउंड्रीत महिनाअखेर, अकाउंट्सवाल्यांची स्क्रीन थिजली. माउस हलेना, पिंगला उत्तर नाही. 'व्हर्श लिस्ट'मध्ये (व्हर्श म्हणजे होस्टवरून व्हीएम हाताळायची कमांड) रनिंगऐवजी पॉज्ड. 'व्हर्श डॉमस्टेट'ला रीझन विचारलं तर आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवर लिहिण्या-वाचण्यात अडचण. विंडोजच्या आत डिस्क निम्मी मोकळी होती, पण होस्टचं व्हार पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. क्यूकाऊ-टू इमेज (व्हीएमची डिस्क म्हणजे होस्टवरची ही एक फाइल) वापरेल तशी फुगते, त्यात बॅकअपवाल्यानं जुन्या कॉप्या शेजारीच रचून ठेवलेल्या. लिहायला जागा उरली नाही की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा होस्टवरचा प्रोग्रॅम) व्हीएम थांबवून ठेवतं, मारत नाही. कॉप्या हलवल्या, 'व्हर्श रिझ्यूम' दिलं, आणि अर्धवट टाइप केलेलं बिल तिथूनच पुढं सुरू! मॅडमना वाटलं नेटच स्लो होतं.

राजारामपुरी ८वी गल्ली:
आमची हँग नव्हती, गायबच झालेली. होस्ट ३२ जीबी, १६-१६च्या दोन व्हीएम. होस्टला काय राहिलं? डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा लॉग) 'आउट ऑफ मेमरी'. मेमरी संपली की कर्नल बहुधा सगळ्यात जास्त खाणाऱ्यालाच उडवतो, आणि तो म्हणजे क्यूईएमयू.

पावसाळी_अॅडमिन:
डिस्क इमेजेस एनएफएसनं (नेटवर्कवरून फाइल वापरायची पद्धत) नॅसवर (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स). लाइट गेली. सर्व्हर आणि नॅस यूपीएसवर, मधला स्विच मात्र भिंतीच्या प्लगवर (वायरिंगवाल्याची कृपा). क्यूईएमयू डी स्टेटमध्ये (डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेलं), किल-नाइनलाही (प्रोग्रॅम जबरदस्तीनं मारायची कमांड) दाद देईना. लॉगमध्ये 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स'. असल्या वेळी होस्ट रीबूट करायला गेलात तर तोही बंद होताना लटकतो. हार्ड माउंट (नॅस परत येईपर्यंत वाट बघत राहणारी जोडणी) होता, स्विचला लाइट मिळाल्यावर सगळं आपोआप हललं.

लय_घाईत:
भावा, गिऱ्हाईक फोनवर बोंबलत असतंय, लॉग कोण बघत बसतंय? मी सरळ 'व्हर्श डिस्ट्रॉय' मारतो.

शिरोलीकर:
मार की. डिस्क फाइल पुसली जात नाही, प्लग खेचल्यासारखं होतं एवढंच. लिहायचं राहिलेलं जातं. पण त्याआधी 'व्हर्श स्क्रीनशॉट' घे, सेकंदाचं काम. विंडोजचा निळा पडदा असेल तर स्टॉप कोड हातात येतो. लिनक्स गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टीम) असेल आणि 'सॉफ्ट लॉकअप' (सीपीयू बराच वेळ अडकल्याचा इशारा) दिसलं, तर होस्टवर सीपीयूची ओढाताण बघ. गेस्टच्या टॉप कमांडमध्ये 'एसटी'चा (होस्टकडून सीपीयू मिळायची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा चढलेला असेल तर व्हीएमला दिलेले कोअर कमी कर. आठ कोअरच्या होस्टवर आठ-आठच्या चार व्हीएम लावणारे माझ्या ओळखीचे आहेत, नावं घेत नाही.